हिवाळ्यात लांबून पिल्लू घरी आणताना: गाडीच्या प्रवासाची पायरीपायरीने तयारी

चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, गाडीत बसली तेव्हा साडेआठ आठवड्यांची होती, वजन जेमतेम तीन किलो. तिच्या जन्मघरापासून आमच्या घरापर्यंत ७४० किलोमीटर, आणि दिवस ऐन कडाक्याच्या थंडीचे. मी आणि माझा धाकटा भाऊ आळीपाळीने गाडी चालवून एका दिवसात परत येऊ, असं धरून निघालो होतो. परत यायला अडीच दिवस लागले. पहिल्या तासाभरात ती तीनदा ओकली, दुपारी बर्फामुळे पुढचा रस्ता बंद झाला, आणि थंडीची इतकी धास्ती घेतलेल्या आम्ही तिला चक्क उकाड्याने हैराण केलं.

निघण्याआधी मी भरपूर वाचलं होतं. पण गाडीचं एकीकडे, पिल्लाचं दुसरीकडे, थंडीचं तिसरीकडे. हे तिन्ही एकत्र आल्यावर काय काय होतं, ते मला रस्त्यावरच कळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. सर्वांत महत्त्वाचं आधीच सांगते: हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. पुढच्या सगळ्या सूचना त्या एका मोकळ्या दिवसावर उभ्या आहेत.

१. तारीख ठरवताना

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. भावंडांशी दंगामस्ती करताना किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं हे ते याच काळात शिकतं, आणि ते नंतर आपल्याला तितकं नीट शिकवता येत नाही. अगदी लहान चणीच्या जातींची पिल्लं बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिली तर उत्तमच.

साधारण आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान पिल्लं पटकन घाबरतात, आणि या वयात बसलेली भीती लवकर जात नाही. म्हणजे आपण पिल्लू आणायला जातो तो नेमका हाच काळ. म्हणून पहिला प्रवास कसाबसा उरकायची गोष्ट समजू नका. गाडी म्हणजे काय हे त्याच्या मनात या एका प्रवासात ठरू शकतं.

हवामानाचा अंदाज तीन ठिकाणचा बघा: तुमच्या गावचा, पिल्लाच्या गावचा आणि वाटेतल्या सर्वांत उंच भागाचा. दोन्ही टोकांना ऊन आणि मधल्या घाटात बर्फ, असं सर्रास होतं. आम्ही हा तिसरा अंदाज बघितलाच नव्हता. वादळाची शक्यता दिसली तर सरळ फोन करून आठवडाभर पुढे ढकला. पिल्लू आईजवळ उबेत आहे, त्याचं काही अडत नाही.

परतल्यावर किमान चार-पाच दिवस तरी घरी कोणीतरी असू द्या. ‘रविवारी रात्री पोहोचू, सोमवारी कामावर’ असा बेत असेल तर तो आत्ताच बदला, कारण अशा बेतामुळेच माणूस खराब रस्त्यावर, अंधारात गाडी रेटतो.

आणि एकट्याने जाऊ नका. एकाने फक्त गाडी चालवायची, दुसऱ्याने फक्त पिल्लाकडे बघायचं.

२. समोरच्याशी आधी बोलून घ्या

पिल्लू ब्रीडरकडून घेत असा किंवा एखाद्या संस्थेतून दत्तक घेत असा, निघण्यापूर्वी फोनवर हे विचारून लिहून ठेवा:

- कोणतं खाणं, किती वेळा, किती प्रमाणात
- जंताचं औषध कधी कधी दिलं, कोणत्या लसी झाल्या
- पिल्लू याआधी गाडीत बसलं आहे का
- शू-शी कशावर करायची सवय आहे: कागद, पॅड, माती की गवत

मग दोन विनंत्या करा. पहिली, ठरल्या दिवशी सकाळचं खाणं तुम्ही निघण्याच्या तीन-चार तास आधी द्यायला सांगा. दुसरी, एखादं फडकं किंवा लहान चादर चार-पाच दिवस आई आणि पिल्लांच्या अंथरुणात ठेवायला सांगा. त्या फडक्याला आईचा वास लागतो. आमच्या अख्ख्या सामानात सर्वांत कामी आलेली वस्तू तीच होती.

इथला सापळा ओळखा. हिवाळ्यात समोरचा माणूस म्हणू शकतो, ‘एवढ्या थंडीत तुम्ही कशाला इतके लांब येता, मी अर्ध्या रस्त्यात आणून देतो.’ ऐकायला फार बरं वाटतं. पण पार्किंगमध्ये हातात दिलेल्या पिल्लाची आई कशी आहे, ते कुठे वाढलं, बाकीची पिल्लं धडधाकट आहेत का, यातलं काहीच तुम्हाला दिसत नाही. जन्मघर आणि आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका, आणि पूर्ण पैसे आधी भरू नका. आधी व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लं एकत्र दाखवायला सांगा. प्रामाणिकपणे पिल्लं वाढवणाऱ्याला याचा राग येत नाही. उलट तोच तुम्हाला चार उलटे प्रश्न विचारतो.

३. कागदपत्रं

- लसीकरण कार्ड: लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि पशुवैद्याची सही हवी
- जंताच्या औषधाची नोंद
- मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती बारीक चिप) बसवली असेल तर तिचा क्रमांक (आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो १५ अंकी असतो) आणि नोंद तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज
- खरेदीचा किंवा दत्तक घेतल्याचा लेखी करार. तब्येतीचा काही दोष निघाला तर काय करायचं हे त्यात लिहिलेलं असावं
- पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र, शक्यतो अलीकडच्या काही दिवसांतलं
- जातिवंत पिल्लू असेल तर नोंदणीची कागदपत्रं आणि आईबापाच्या तपासण्यांचे अहवाल

सगळ्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात. बर्फात ओले झालेले कागद वाळवायला हीटरसमोर धरावे लागले तर शाई पसरते.

वाटेत देशाची किंवा राज्याची हद्द ओलांडणार असाल तर नियम आधी तपासा. अनेक देशांत रेबीजची लस बारा आठवड्यांच्या आत ग्राह्य धरत नाहीत आणि लस दिल्यावर आणखी २१ दिवस थांबावं लागतं. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या आतलं पिल्लू हद्दीवरच अडतं.

४. गाडी

निघायच्या दोन दिवस आधी मेकॅनिककडे एक चक्कर मारा. थंडीत बॅटरी दगा देते. उन्हाळ्यात कुरबुर न करणारी जुनी बॅटरी शून्याखाली तापमान गेल्यावर सकाळी नुसती टकटक करते. बॅटरी जुनी असेल तर आधीच बदला.

साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड कमी होते. बर्फाच्या प्रदेशात जायचं असेल तर हिवाळी टायर घाला. हवेचा दाबही थंडीत उतरतो, साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. स्टेपनीची हवा बघायला विसरू नका. काच धुण्याचं पाणी न गोठणारं भरा, वायपरची रबरं नवी घाला.

टाकी अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका. गाडी विजेवर चालणारी असेल तर थंडीत पल्ला बराच घटतो, आणि हीटर त्यातलाच वाटा खातो. त्यामुळे चार्जिंगचे थांबे जवळजवळ ठरवा. ते पिल्लाच्या थांब्यांशी छान जुळतात.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळत नाही ना, हे नीट बघून घ्या. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं, कुत्री ते चाटतात, आणि लहान पिल्लाची किडनी निकामी व्हायला त्याचे थोडेसे चाटेही पुरतात.

५. सोबतचं सामान

पिल्लासाठी:

- टणक प्लॅस्टिकचं क्रेट (जाळीच्या दाराची, पिल्लू न्यायची पेटी): आत उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल एवढंच, फार मोठं असेल तर पिल्लू आतल्या आत आपटतं
- जुने टॉवेल, किमान आठ (आम्ही चार नेले, दुपारपर्यंत संपले)
- शूचे पॅड, कागदी रुमाल, शीच्या पिशव्या, ओला-घाण कपडा टाकायला मोठ्या पिशव्या
- नेहमीचंच खाणं, निदान दोन दिवसांचं जास्त
- घरून भरून नेलेलं पाणी, प्लॅस्टिकचं किंवा सिलिकॉनचं भांडं. स्टीलचं नको, थंडीत जिभेला चटका बसावा तसं ते लागतं
- गळपट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर. अंगाला नीट बसणारं हार्नेस आणि पट्टा
- गरम पाण्याची रबरी पिशवी आणि तिला जाड गवसणी
- थर्मामीटर, थोडा मध किंवा ग्लुकोज
- वाटेवरच्या दोन-तीन पशुवैद्यांचे आणि चोवीस तास चालणाऱ्या एका दवाखान्याचे नंबर, कागदावर लिहून

तुमच्यासाठी आणि गाडीसाठी: फावडं, बर्फ खरवडायची पट्टी, जंपर केबल, ओढायचा दोर, टॉर्च, घोंगडी, सुका खाऊ, थर्मासमध्ये गरम पेय, मोबाइलची भरलेली बॅटरी, आणि चाकाखाली टाकायला थोडी वाळू.

माणसांची डोकेदुखीची किंवा तापाची गोळी पिल्लाला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. गाडीत तुमचं चॉकलेट किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगम असेल तर ते वरच्या कप्प्यात, झाकण लावून ठेवा.

६. पिल्लू हातात घेताना

घाई करू नका. तासभर तरी तिथे बसा, पिल्लाला स्वतःहून जवळ येऊ द्या. खेळताना बघा, मग उचला. डोळे स्वच्छ, नाकातून स्राव नाही, हिरड्या गुलाबी, पोट फुगून टणक झालेलं नाही, शेपटीखाली जुलाबाचे डाग नाहीत, खोकला नाही. बेंबीपाशी मऊ फुगवटा असेल तर तो हर्निया असू शकतो. घाबरू नका, पण करारात लिहून घ्या. चिप असेल तर स्कॅनरने तुमच्यासमोर क्रमांक जुळवायला सांगा.

मनात काहीही शंका आली तर थांबा. सातशे किलोमीटर आलो म्हणून आजारी पिल्लू उचलून निघणं ही फार महागात पडणारी चूक आहे, आणि त्याची किंमत त्या पिल्लालाच मोजावी लागते. तो मोकळा दिवस इथेही उपयोगी पडतो: तिथल्याच पशुवैद्याला दाखवा, मग ठरवा.

निघण्याआधी शू-शी करून घ्या आणि सकाळी निघा. हिवाळ्यात दिवस लहान, त्यातला सगळा उजेड वापरा.

७. गाडीत कुठे ठेवायचं

मांडीवर नाही. मला ठाऊक आहे, ते इवलंसं तोंड बघून वाटतं की कुशीतच न्यावं. पण निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लागला तर तीन किलोचं पिल्लू तुमच्या हातात राहणार नाही. पुढच्या सीटवरही नाही, तिथे एअरबॅग असते. क्रेट मागच्या सीटवर, सीटबेल्टने किंवा पट्ट्याने घट्ट बांधून ठेवा, हलवून बघा. आम्ही क्रेटमध्ये तळाला पॅड, त्यावर टॉवेल आणि वर आईच्या वासाचं फडकं असे थर घातले. तीन बाजूंनी चादर टाका, पुढची बाजू उघडी असू द्या. त्या बाजूला सोबतचा माणूस बसेल.

आता आमची चूक सांगते. क्रेट अगदी घट्ट बसतं म्हणून आम्ही ते पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत ठेवलं होतं. अर्ध्या तासाने चिंगी धापा टाकायला लागली. मला वाटलं भेदरली असेल, म्हणून मी वरून आणखी एक घोंगडी टाकली. थोड्या वेळाने जाळीवर हात ठेवला तर जाळी गरम, आणि आतल्या बाजूने तिच्या श्वासाचे थेंब ओघळत होते. बऱ्याच गाड्यांत मागे बसणाऱ्यांसाठी हीटरचा झोत पुढच्या सीटखालून येतो. तो सरळ तिच्या क्रेटमध्ये जात होता. बाहेर उणे सहा अंश, आणि आत पिल्लू उकडत होतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगते: गाडी सुरू करून हीटर लावा आणि प्रत्येक फटीपाशी हात धरून बघा, मगच क्रेटची जागा ठरवा.

गाडीत आतलं तापमान २० ते २२ अंश पुरे. तुम्ही स्वेटर काढून आरामात बसू शकता एवढी ऊब असेल तर पिल्लालाही ती पुरते.

८. रस्त्यावर

*रडणं.* पहिली वीस-तीस मिनिटं ते रडेल. क्रेटच्या जाळीतून दोन बोटं आत घाला, हळू आवाजात बोला, बाहेर काढू नका. आवाज हळूहळू बारीक होतो आणि मग एकदम बंद होतो. या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात, गाडीची घरघर त्यांना झोपवते. गाणी मंद ठेवा.

*ओकारी.* पिल्लांच्या कानातला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून गाडी लागते. आधी ओठ चाटणं, वारंवार जांभई, मग तोंडातून लाळेची तार लोंबणं. ही तार दिसली की दोन-तीन मिनिटांत ओकारी होणार हे नक्की समजा. गाडी सावकाश बाजूला घ्या, खिडकी बोटभर उघडा. ओकून झाल्यावर ओला टॉवेल बदलाच, शिवाय पिल्लाचं पोट, मान आणि पंजे कोरडे होईपर्यंत पुसा. आम्ही टॉवेल बदलला, पण तिच्या पोटाखालची ओल राहिली. पुढच्या थांब्यावर बाहेर काढताच ती थरथर कापायला लागली. थंडीत ओलं अंग फार लवकर गारठतं. दार उघडण्याआधी पिल्लू कोरडं आहे ना, हे हाताने चाचपून बघा.

गाडी लागू नये म्हणून औषध हवं असेल तर पशुवैद्याला आधी विचारा, वय आणि वजन सांगून. घरातलं औषध अंदाजाने देऊ नका.

*थांबे.* दीड ते दोन तासांनी थांबा. दोन महिन्यांच्या पिल्लाला त्याहून जास्त वेळ रोखता येत नाही. झोपलेलं असेल तर मात्र उठवू नका, जाग आली की लगेच थांबा. गाडीचं दार उघडण्यापूर्वी हार्नेस आणि पट्टा गाडीतच अडकवा आणि पट्टा मनगटाला गुंडाळा. परक्या जागी घाबरून पळालेलं पिल्लू बर्फात, रहदारीत सापडणं फार कठीण.

हिवाळ्यातली खरी अडचण ही की पिल्लाला उतरवायचं कुठे. जिथे लोक कुत्री फिरवतात ती जागा टाळा. पार्व्हो हा पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-ओकारीचा रोग. त्याचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि बर्फाने मरत नाही, आणि तुमच्या पिल्लाच्या लसी अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. मालिका साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. सगळ्यांत बरा उपाय म्हणजे गाडीच्या आडोशाला पॅड पसरून त्यावर त्याला उभं करणं. पेट्रोल पंपाच्या तेलकट डबक्यांपासून आणि मीठ टाकलेल्या फरशांपासून दूर राहा. पंज्याला मीठ लागलंच तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, नाहीतर ते चाटेल.

चिंगीने पहिल्यांदा बर्फ बघितला तो असाच एका थांब्यावर. पॅडवरून एक पाऊल पुढे टाकलं, लगेच उचललं. दुसरं टाकलं, तेही उचललं. मग जरा विचार केल्यासारखं करून माझ्या बुटावर येऊन बसली आणि तिथेच शू केली. थांबा दोन-तीन मिनिटांचाच ठेवा. नाही केली शू तर गाडीत बसा, दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. कुडकुडत बाहेर उभं करून वाट बघू नका.

पिल्लाला गाडीत एकटं सोडून दोघांनी चहाला जाऊ नका. बंद पडलेली गाडी थोड्याच वेळात शीतपेटी होते. एक उतरतो, एक बसतो.

*खाणं-पाणी.* पाणी दर थांब्याला, दोन-चार घोट, कोमट. खाणं थोडं थोडं, मोठ्या थांब्यावर, आणि खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास तरी गाडी उभीच. गाडी लागते म्हणून दिवसभर उपाशी ठेवायचं, हे लहान पिल्लाला झेपत नाही. त्यातही चिमुकल्या जातींत रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू एकदम मलूल पडलं, झोकांड्या खाऊ लागलं, नजर एकटक झाली तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटाने चोळा आणि थेट दवाखाना गाठा. शुद्धीत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

९. गारठलं आहे का, हे ओळखणं

कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं: ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ३७.२ च्या खाली गेलं तर ते गारठलेलं आहे. पण प्रत्येक वेळी थर्मामीटर लावायची गरज नाही. कान आणि पंजे गार, अंग आवळून गोळा झालेलं, थरथर, कण्हल्यासारखा आवाज, ही सुरुवात. सर्वांत काळजीची खूण म्हणजे थरथरणारं पिल्लू न सुधारता एकाएकी थरथरायचं थांबतं आणि सुस्त पडतं. तेव्हा क्षणभरही दवडू नका.

गारठलेल्या पिल्लाला कोरडं करून स्वतःच्या अंगाशी, स्वेटरच्या आत धरा, गाडी उभी असताना. गरम पाण्याची पिशवी गवसणीत घालून क्रेटच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. उकळतं पाणी भरू नका, पिल्लाची पोटाची कातडी फार पातळ असते. हीटरचा झोत थेट अंगावर मारू नका.

आखूड केसांची आणि लहान चणीची पिल्लं लवकर गारठतात. त्यांना स्वेटर घाला, पण क्रेटमध्ये झोपवताना काढा. पाय अडकतात, आणि ओला झालेला स्वेटर नसल्यापेक्षा वाईट.

१०. रस्ता बंद झाला तर

दुपारी तीनच्या सुमाराला पुढच्या गाड्या थांबलेल्या दिसल्या. पुढे किती वेळ लागेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. भाऊ म्हणाला, ‘ताई, आत्ता मागे वळू, अजून उजेड आहे.’ आम्ही तीस किलोमीटर मागे येऊन मुक्काम केला. माझं मन पुढे जायचं होतं, घर जवळ आलेलं दिसत होतं. भावाचं ऐकलं ते फार बरं झालं.

मागे वळता आलं नाही आणि बर्फात अडकलातच, तर गाडी सोडून चालत जाऊ नका. इंजिन सतत चालू ठेवू नका. आधी फावड्याने सायलेन्सरच्या नळीभोवतालचा बर्फ काढा. नळी बर्फाने बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसांना आणि पिल्लाला झोपेतच संपवतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, तेवढा वेळ वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि दर वेळी नळी पुन्हा तपासा. बाकीचा वेळ पिल्लू तुमच्या घोंगडीत, तुमच्याजवळ.

पुलांवर जास्त जपा. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून बाकी रस्ता कोरडा असताना तिथे पारदर्शक बर्फ धरलेला असतो. पुलावर चढण्याआधीच वेग कमी करा, पुलावर ब्रेक दाबू नका.

११. मुक्काम

निघण्याआधीच वाटेवरच्या, कुत्रं चालणाऱ्या दोन-तीन जागा शोधून फोन करून खात्री करा. नुसत्या जाहिरातीवर विसंबू नका. आम्ही एका ठिकाणी पोहोचलो तर दारातच नकार मिळाला, ‘पिल्लू शू करेल’ म्हणून. रात्री साडेसातला, बर्फात. दुसऱ्या ठिकाणी मी क्रेट, पॅड आणि टॉवेल दाखवले आणि रात्रभर क्रेटमध्येच ठेवेन असा शब्द दिला, तेव्हा जागा मिळाली.

क्रेट बिछान्याच्या शेजारी, हात पोहोचेल असं ठेवा. रात्री दोनदा तरी उठावं लागेल. कोपऱ्यात पॅड पसरून ठेवा म्हणजे थंडीत बाहेर जायला नको. खोलीत शिरल्या शिरल्या जमिनीवर पडलेल्या गोळ्या, वायरी, कचऱ्याची टोपली, एवढं बघून घ्या.

१२. घरी पोहोचल्यावर

दारात सगळं घर, शेजारीपाजारी, मोबाइलचे कॅमेरे असा थाट नको. आधी शूच्या जागी न्या, तिथेच थांबा, केली की शाबासकी द्या, मग आत. एकच खोली मोकळी ठेवा. पाणी, थोडं खाणं, झोप. पहिल्या रात्री क्रेट तुमच्या बिछान्याशेजारी असू द्या.

घरात आधीचं कुत्रं असेल तर भेट बाहेर, दोन्ही पट्ट्यावर, आणि थोड्याच वेळाची. प्रवासातले बूट आणि टॉवेल त्याच्यापासून लांब.

दोन-तीन दिवसांत पशुवैद्याकडे न्या, सगळी कागदपत्रं घेऊन. पुढच्या लसीची तारीख ठरवून घ्या. जुलाब, ओकारी, खाण्याकडे पाठ असं काही दिसलं तर तेवढीही वाट बघू नका: पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर काही दिवसांनी दिसतात, म्हणजे वाटेत लागलेला रोग घरी आल्यावर उमटतो. पहिला आठवडाभर जुनंच खाणं द्या. बदलायचं असेल तर त्यानंतर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

चिपची नोंद तुमच्या नावावर आणि नंबरवर करून घेणं त्याच आठवड्यात उरका. आणि जन्मघरी एक फोन करा, पोहोचलो म्हणून. तिथलेही वाट बघत असतात.

टॉवेल, चादरी, गवसणी सगळं धुवायला टाकाल तेव्हा आईच्या वासाचं फडकं त्यातून बाजूला काढा. ते महिनाभर तरी तसंच राहू द्या, कितीही मळकं दिसलं तरी. चिंगी पहिले दहा दिवस त्यावर नाक खुपसूनच झोपत होती.